जिरावनचे ८४ दिवस

नाव बाबांनी ठेवलं. प्रेसच्या मागच्या गोदामात कागदाच्या रिमांच्या आड मांजरीनं पाच पिल्लं घातली होती. त्यातलं एक भगवं पिल्लू मी पर्समध्ये घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट बाबांच्या पोह्यांच्या बशीत जाऊन बसलं. "जिरावन जरा जास्तच पडलं," बाबा म्हणाले. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा मसाला. तो नसेल तर इंदूरचा माणूस पोहे खातो, पण तोंड पाडून.

हे २०२२ च्या पावसाळ्यातलं. पुढच्या जूनमध्ये जिरावनचं पोट सुटायला लागलं. रामबागेतल्या आमच्या वाड्यात त्याचं कौतुकच झालं. "खात्यापित्या घरचा दिसतो आता," शेजारच्या काकू म्हणाल्या. पण पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येत होते. पोट मोठं आणि पाठ खारकेसारखी. ज्या डॉक्टरांकडे आधी नेलं त्यांनी जंत म्हणून औषध दिलं. त्यात आठवडा गेला. मग ताप आला, १०४ च्या घरात. मांजराचा ताप १०२ च्या आसपास असणं ठीक, हे मला तेव्हा कळलं. अँटिबायोटिकची पाच इंजेक्शनं झाली तरी पारा हलेना. जिरावन पलंगाखाली जाऊन बसला तो बाहेर यायचं नाव घेईना.

दुसरे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोटाला एका बाजूनं टिचकी मारली आणि दुसऱ्या बाजूला तळवा लावून ठेवला. मग मला तसंच करायला लावलं. लाट हाताला लागली. "पानी है," ते म्हणाले. सोनोग्राफी केली, बारीक सुईनं थोडं पाणी काढलं. पिवळंधमक, आणि सुई वर उचलली तशी त्याची तार निघाली. जिलबीचा पाक एकतारी झाला की निघते तशी.

पुढचं मी अगदी जवळून पाहिलं. डॉक्टरांनी परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर घेतलं. टेबलाखालून पांढऱ्या व्हिनेगरची बाटली काढली, चायनीजच्या गाडीवर असते तीच. एक थेंब नळीत टाकून नळी हलवली. मग सुईतला पिवळा थेंब पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद ठेवला. "विरघळला तर बरं. दुसरं काहीतरी शोधू," ते हिंदीत म्हणाले. थेंब विरघळला नाही. थोडा वेळ वरच चिकटून राहिला, मग त्याला खालून शेपूट फुटलं, आणि तो जेलीफिशसारखा, आकार न सोडता, हळूहळू तळाकडे उतरायला लागला. तो तळाला टेकेपर्यंत आम्ही तिघंही, म्हणजे मी, डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस, काही बोललो नाही.

ही रिव्हाल्टा चाचणी. शंभर वर्षांहून जुनी, मुळात माणसांच्या छातीपोटातल्या पाण्यासाठी काढलेली. पाण्यात प्रथिनं आणि दाहातले घटक भरपूर असले की थेंब आम्लात विरघळत नाही, साखळतो. तिचं 'नाही' जितकं भरवशाचं तितकं 'हो' नाही, म्हणून रक्तही तपासलं. रक्तात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात; पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की जो आकडा येतो तो ०.४ च्या खाली गेला तर संशय बळावतो. जिरावनचा ०.३ आला. वय एक वर्ष, बोका, दोन महिन्यांपूर्वी नसबंदी झालेली. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. नसबंदीचा ताण हेही एक निमित्त असू शकतं हे ऐकून मला जे वाटलं ते वाटलं. आजाराचं नाव एफआयपी, फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस. "मांजराचा कोरोना समजा," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मी फाटकापाशी काकूंना जसंच्या तसं सांगितलं, ही माझी चूक. संध्याकाळपर्यंत दूधवाला पिशवी फाटकाबाहेर ठेवून जायला लागला. दोन दिवसांनी काकू मास्क लावून आल्या आणि खिडकीतूनच विचारलं, "अगं, कळवायला नको का कुठे?"

मग मला वाचावंच लागलं. कोरोना हे एकाचं नाव नव्हे, आडनाव आहे. १९६८ मध्ये काही विषाणुतज्ज्ञांनी मिळून ते ठेवलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूंभोवती जी झालर दिसते ती त्यांना खग्रास ग्रहणातल्या सूर्याच्या प्रभेसारखी वाटली. घराणं मोठं आहे. कोंबड्यांच्या श्वासनलिकेचा आजार करणारा १९३० च्या दशकापासून माहीत आहे. डुकरांचे वेगळे, कुत्र्यांचा वेगळा. माणसाला साधी सर्दी करणारे चार तर आपल्यात कायमचे राहतात, आपण त्यांना नावानं ओळखतही नाही. मग २००२ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि २०१९ चा आपला. त्यातही शाखा आहेत. मांजराचा अल्फा शाखेतला, कोविडचा बीटा शाखेतला. चुलत भाऊ म्हणा, पण एका घरात न राहणारे. एफआयपी माणसाला होत नाही, आणि वाड्यातल्या दुसऱ्या मांजरांनाही सहसा जिरावनकडून होणार नव्हता. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी मास्क हनुवटीपर्यंत खाली घेतला, काढला नाही.

वाड्यातल्या मांजरांना का होत नाही, हे मला आमच्या धंद्यामुळे लवकर कळलं. मी मुद्रितशोधन करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे वार्षिक अहवाल. या विषाणूचा मजकूर आरएनएत लिहिलेला असतो, जवळजवळ २९,००० अक्षरांचा. आरएनए विषाणूंमध्ये इतका लांब मजकूर क्वचितच कुणाचा. नक्कल करताना चुका होणारच. बहुतेक आरएनए विषाणूंकडे मुद्रितशोधक नसतो. या घराण्याकडे आहे. एक विकर, म्हणजे एन्झाइम, नुकतंच बसवलेलं अक्षर तपासतं आणि चुकीचं असलं तर काढून टाकतं. तरी काही चुका सुटतातच. (कुठल्या मुद्रितशोधकाच्या सुटत नाहीत? एका पत्रिकेत 'शुभविवाह'चा 'शुभविवाद' होऊन चारशे प्रती छापल्या गेल्या होत्या. मी तेव्हा नवीन होते.)

मांजरांच्या आतड्यात हा विषाणू सर्रास असतो. जिथे पाच-सात मांजरं एकत्र राहतात तिथे विष्ठेतून तो सगळ्यांकडे जातो, फार तर दोन दिवस पोट बिघडतं. जिरावनच्या चारही भावंडांना तो असणार. पण क्वचित एखाद्या मांजराच्या अंगात नक्कल करताना नेमकी अशी चूक सुटते की विषाणूच्या झालरीतल्या काट्याचा आकार बदलतो, आणि आतड्यातल्या पेशीत शिरणारा हा प्राणी महाभक्षी पेशींमध्ये शिरून वाढायला लागतो. म्हणजे जंतू गिळायला नेमलेल्या पेशींमध्येच. कुंपणच शेत खायला लागतं. या पेशी रक्तातून अंगभर हिंडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते, भिंती पाझरतात, पोटात पाणी साठतं. शरीर प्रतिपिंडं तयार करतं, पण त्यांनी आग विझायच्या ऐवजी बरेचदा भडकते. जिरावनचा हा बदललेला विषाणू जिरावनमध्येच घडला होता. बाहेर पडून दुसऱ्याला लागायची कला तो बहुधा या भानगडीत विसरतो.

पोटात पाणी झालेलं मांजर पूर्वी काही दिवस, फार तर काही आठवडे काढायचं. डॉक्टरांनी हे सरळ सांगितलं. मग म्हणाले, आता औषध आहे, ८४ दिवस रोज द्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. चिठ्ठीवर नाव लिहिलं. रेमडेसिविर.

मी चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, चष्मा काढला.

एप्रिल २०२१ मध्ये हेच नाव आमच्या घरात दिवसातून शंभर वेळा उच्चारलं जात होतं. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा आजाराचा नववा दिवस होता. सहा बाटल्या आणा म्हणाले. पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. माझा भाऊ पहाटे पाचला दवा बाजारात रांगेत लागला. रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यावर आली होती. दोन मिळाल्या. पुढच्या चार कशा मिळवल्या ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवसांत मीठ आणि ग्लुकोज भरलेल्या नकली बाटल्याही फिरत होत्या, त्यामुळे हातात आलेली बाटली खरी की खोटी याचा घोर वेगळा. मे महिन्यात तर रेमडेसिविर घेऊन आलेलं राज्य सरकारचं विमानच ग्वाल्हेरला उतरताना अपघातात सापडलं. आमच्यासाठी तोवर ती बातमी राहिली नव्हती. सहावी बाटली संपल्यावर तिसऱ्या दिवशी आई गेली.

आता जुलै २०२३. पुन्हा दवा बाजार, पुन्हा चिठ्ठी. बाबा म्हणाले, मीही येतो. काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी पाहिली, मागे जाऊन आला आणि विचारलं, "कितने चाहिए? दस दे दूँ?" बाबा काही न बोलता जिन्याकडे गेले आणि पहिल्या पायरीवर बसून राहिले. मी पैसे दिले. एका बाटलीचे साडेसातशे.

१२ जुलै, बुधवारी पहिलं इंजेक्शन. रात्री आठची वेळ ठरवली, कारण ती रोज पाळता येण्यासारखी होती. पहिली दोन डॉक्टरांनी दिली, मग मला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा, सुई तंबूत घालायची, पलीकडून बाहेर येत नाही ना ते पाहायचं आणि हळू दाबायचं. हे औषध आम्लधर्मी असतं, कातडीखाली झोंबतं. जिरावन किंचाळायचा, ते ऐकून वाड्यातले दिवे लागायचे. तिसऱ्या रात्री त्यानं बाबांच्या अंगठ्याचा चावा घेतला. दुसऱ्या दिवशी बाबांना रेबीजची लस सुरू झाली. डॉक्टरांनी मग गॅबापेंटिन दिलं, इंजेक्शनच्या आधी तास-दीड तास. त्यानं बोका जरा सैलावायचा. तरी महिनाभरात मानेवर दोन जागी चट्टे पडले.

बाबांना मांजरं कधीच आवडली नव्हती. "चौऱ्यांशी?" पहिल्या रात्री ते म्हणाले. "म्हणजे दिवसाला एक लक्ष योनी. मोजायचं काम मी करतो." त्यांनी एक वही केली. डोस वजनावर ठरतो आणि वजन वाढलं की डोसही वाढवावा लागतो, म्हणून रोज सकाळी वजन. प्रवासाच्या बॅगा तोलायचा अडकवायचा डिजिटल काटा आणला, आईची भाजीची जाड कॅनव्हासची पिशवी घेतली. जिरावनला पिशवीत घालायचं, काटा उचलायचा, आकडा थांबेपर्यंत बाबांचा हात थरथरू नये म्हणून मी कोपराला आधार द्यायचा. पिशवीतून फक्त दोन कान बाहेर. वहीत तारीख, वजन, ताप, खाल्लं काय, शी कशी. बाबांचं अक्षर सुरेख आहे, शी सुद्धा मोत्यासारखी लिहिलेली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी तो पलंगाखालून बाहेर आला आणि पोह्यांच्या बशीपाशी बसला. दहाव्या दिवसापर्यंत पोट बसलं आणि त्याचा खरा आकार दिसला, चार काड्या आणि डोकं. मधे अधिक श्रावण लागला होता. घरात उपास चालू आणि एकटा हाच उकडलेल्या कोंबडीवर.

औषध काम कसं करतं ते मी बाबांना प्रेसच्या भाषेत सांगितलं. रेमडेसिविर अंगात गेलं की त्याचं बहुतांशी जीएस-४४१५२४ नावाचं द्रव्य होतं. ते विषाणूच्या मजकुरातल्या एका अक्षराची हुबेहूब नक्कल असतं. विषाणूची नक्कल जुळवणारा जुळारी फसतो आणि ते खोटं अक्षर खिळ्यांमध्ये बसवतो. पुढची तीन अक्षरंही बसवतो आणि मग अडकतो. खुबी या तीन अक्षरांत आहे. विषाणूचा मुद्रितशोधक शेवटचं अक्षर तपासतो, आणि शेवटचं अक्षर तर बरोबर असतं. खोटं तीन घरं मागे राहिलेलं. "म्हणजे तुझ्यासारखाच," बाबा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "हे इतकं चालतं, तर तुझ्या आईला का नाही चाललं?"

हा प्रश्न येणार हे मला चिठ्ठी पाहिली तेव्हापासून माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत इस्पितळातल्या रुग्णांचे मृत्यू या औषधानं फारसे कमी झाले नाहीत, हे ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झालं होतं. नोव्हेंबरमध्ये संघटनेनं ते देऊ नका असंही म्हटलं. आम्ही रांगेत उभे राहिलो त्याच्या पाच महिने आधी. पुढच्या आकडेवारीत व्हेंटिलेटरवर नसलेल्यांना थोडा फायदा दिसला, तो थोडाच. माणसात पहिल्या काही दिवसांत विषाणू जोरात वाढतो. धाप लागून इस्पितळात जायची वेळ येते तेव्हा बरेचदा विषाणू ओसरायला लागलेला असतो आणि नुकसान शरीराचा स्वतःचा दाह करत असतो. नक्कल थांबवणारं औषध तिथे उशिरा पोचतं. जिरावनच्या अंगात मात्र विषाणू आठवडेच्या आठवडे नकला काढतच होता. हे सगळं मी सांगितलं.

"लवकर दिलं असतं तर?"

२०२१ च्या अखेरीस छापून आलेला एक अभ्यास मी वाचला होता. जोखीम जास्त असलेल्या, लस न घेतलेल्या लोकांना लक्षणं दिसल्यापासून सात दिवसांच्या आत तीन दिवस इंजेक्शनं दिली, तर इस्पितळात जायची वेळ ८७ टक्क्यांनी कमी आली. मी म्हटलं, "सात दिवसांच्या आत दिलं तर फरक पडतो."

"नववा होता," बाबा म्हणाले. वही मिटली, आणि जिरावनची ताटली धुवायला गेले.

ऑगस्टमध्ये पेपरात सायप्रसची बातमी आली. तिथे मांजरं एफआयपीनं मोठ्या संख्येनं मरत होती, आणि तिथला विषाणू मांजराच्या आणि कुत्र्याच्या कोरोनाची सरमिसळ होऊन झालेला, एका मांजराकडून थेट दुसऱ्याकडे जाणारा. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. आपल्याकडचा तो नाही, ते म्हणाले. बातमीतलं पुढचं वाक्य बाबांनी मोठ्यानं वाचलं: सायप्रस सरकारनं माणसांसाठी घेतलेल्या कोविडच्या उरलेल्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. "बघ. तिकडे सरकार देतंय," ते म्हणाले. आवाजात नेमकं काय होतं ते मला कळलं नाही.

जिरावनचं औषध एफआयपीवर चालतं हे कळून तेव्हा चारच वर्षं झाली होती. कॅलिफोर्नियातले नील्स पेडरसन या आजारामागे उभं आयुष्य लागले होते. २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी ३१ आजारी मांजरांवर जीएस-४४१५२४ वापरून पाहिलं होतं, त्यातली २५ पुढे दीर्घकाळ जगली. १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा, हिशेब तिथूनच आलेला. त्याच रसायनाच्या भावंडावर नंतर कोविडमध्ये सगळ्या जगाचं लक्ष गेलं. मधली वर्षं मांजरवाले लोक ते चीनमधून चोरवाटांनी मागवत होते. ते वाचून मला ओळखीचं वाटलं.

एकतिसाव्या दिवसापासून आम्ही गोळ्यांवर आलो, डॉक्टरांनी मुंबईहून मागवून दिल्या. सुई गेली, वाड्याची झोप परत आली. गोळी लोण्यात गुंडाळायची, घशात ढकलायची, तोंड मिटून धरायचं. ४६ व्या दिवशी झाडताना दिवाणामागे एक गोळी सापडली, लोणी चाटून साफ केलेली. कुठल्या दिवशीची कोण जाणे. मी रडायलाच लागले. डॉक्टर म्हणाले, एकीनं बिघडत नाही, पण यापुढे गोळी दिल्यावर पाच मिनिटं मांडीवरून उतरू देऊ नका. ती पाच मिनिटं बाबांनी घेतली. गणपती बसले तो ७० वा दिवस. आरतीला बाबा मांडीवर बोका घेऊन बसल्या बसल्याच टाळ्या वाजवत होते, कारण आठला पाच कमी होते आणि गोळी नुकतीच दिली होती. काकू त्या दिवशी मास्कशिवाय आल्या.

३ ऑक्टोबरला शेवटची गोळी. रक्ताचा तो भागाकार ०.९ वर आला होता. पुढे आणखी ८४ दिवस नुसतं पाहायचं असतं. उलटायचं असेल तर ते बहुधा याच काळात उलटतं, कधी डोळ्यांत, कधी मेंदूत, आणि मग डोस वाढवून पुन्हा सुरुवात. या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो शिंकला तरी मी उठून बसायचे, एवढंच.

२६ डिसेंबरला तोही काळ संपला. बाबांनी सकाळी शेवटचं वजन केलं, चार किलो शंभर. जिरावन पिशवीतून उडी मारून पळाला. काटा अजून बाबांच्या हातात होता, पिशवी लटकलेली. काट्यानं क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला. १४० ग्रॅम.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही घेतली आणि मागची पानं चाळली. पहिल्या दिवसापासून एकाही नोंदीत पिशवी वजा केलेली नव्हती. ती वही मी रोज वाचत होते.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ हसले. म्हणाले, थोडा जास्त डोस गेला असेल रोज, बिघडलं काही नाही. मग म्हणाले, अंकलजींना सांगा, पिशवी फेकू नका.

पिशवी दाराच्या खिळ्याला आहे. बाबा भाजी आणतात तीतून.